शिवशंकरने आवळलेले नट

माजलगाव,
५ ऑगस्ट २०२४

बंकट भावजी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून पत्र फाडायला निघाला असाल तर आधी एवढं वाचा. हे पत्र तुमच्या दादांनी लिहायला लावलेलं नाही. त्यांना पत्ताही नाही. चाकणच्या तुमच्या वर्कशॉपचा पत्ता शेजारच्या छबुबाईच्या जावयाने दिला. फोनच केला असता, पण फोन आता माझा राहिलेला नाही. शिमग्याच्या आधी तुमच्या दादांना लकवा झाला, उजवी बाजू गेली, तेव्हापासून माझा फोन त्यांच्या उशीखाली असतो. येईल तो फोन ते स्पीकरवर घेतात आणि मी स्वयंपाकघरातून ओरडून बोलायचं. तुमचा नंबर तर तुम्ही घर सोडलंत त्याच दिवशी त्यांनी खोडला होता.

बोलणं बरंच परत आलंय. डावा हात चालतो, उजवा पाय ओढत भिंतीला धरून मोरीपर्यंत जातात. गॅरेजच्या दारात बाज टाकून दिलीय, दिवसभर तिथेच. पंक्चर, ऑइल, ब्रेकचं काम मी करते. हसू नका. सुरुवातीला बाईच्या हातात पाना बघून लोक पुढच्या गॅरेजला जायचे, आता येतात. ते बाजेवरून सांगतात, मी करते, आणि चुकलं की शिव्या दोघांना पडतात, मला आणि पान्याला.

आता ज्यासाठी लिहितेय ते. आपली नंदा, तुमच्या खांद्यावर बसून आठवडी बाजार फिरलेली, तिला दिवस गेलेत. गणपतीच्या आसपासची तारीख दिलीय. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं, पण इथे एक माणूस आधीच बाजेवर, त्यात तिला कुठे आणू? तिकडे आष्टीला तिची सासू वारलेली, घरात सगळी पुरुषमाणसं. म्हणून मीच जाऊन राहायचं असं आमचं मायलेकींचं ठरलं. तोवर छबुबाई यांचं जेवणखाण बघायला तयार होती. तर हे म्हणाले, “कावून? मी मेलो का? माझ्या घरात परक्या बाईनं चूल पेटवायची गरज न्हाई.”

त्यावर दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं झालं. वाड्यावरच्या अमरसिंहांनी त्यांच्या आजोबांची बुलेट टेम्पोत घालून पाठवली. हो, तीच. अ‍ॅक्सिलरेटरची मूठ अडकून जी थांबेना, जिच्यावरून अमरसिंहांचे चुलते उसाच्या ट्रॉलीवर जाऊन आदळले आणि पाय मोडून बसले. जिच्यापायी तुमच्या दादांनी भर चौकात तुमच्या तोंडात मारली, “कार्बोरेटर ह्यानं बसवला” म्हणून. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत, तसेच निघून गेलात. तेव्हापासून गाडी त्यांच्या गोठ्यात उभी होती. आता आजोबांच्या पुण्यतिथीला अमरसिंहांना ती चालू हवीय, आणि जुना विलायती भाग एकही तुटता कामा नये.

कार्बोरेटरमधला स्लाइड घट्ट बसलाय. मला तर स्लाइड म्हणजे काय हेही माहीत नव्हतं. तुमच्या दादांनी समजावलं, मूठ पिळली की वर जातो, सोडली की खाली येतो, तो गोल तुकडा. तो वरही जाईना, खालीही येईना. आणि तुमच्या दादांनी मला अट घातलीय: “हे अख्खं काढ, मग जा आष्टीला. काम अर्धं टाकून ह्या घरातनं कुणी जायाचं न्हाई.”

मी म्हटलं, आधी कार्बोरेटर इंजिनावरून उतरवते, मग टेबलावर नीट बघता येईल. तर बाजेवरून अर्धे उठले. “त्या दोन नटांना हात लावशील तर बघ! ते मी आवळलेले हायत. शिवशंकरनं आवळलेला नट शिवशंकरच सोडंल.” त्यांचा हा नियम तुम्हाला ठाऊकच आहे. म्हणून कार्बोरेटर इंजिनावर तसाच ठेवून, वरचं झाकण काढून, वरून जे जमेल ते करतेय.

तुमचा हात या कामात बसलेला होता. स्लाइड कसा काढायचा तेवढं कळवा. दुसरं काही मागत नाही. उत्तर छबुबाईच्या पत्त्यावर पाठवा.

तुमची
वनमाला वहिनी


माजलगाव,
१६ ऑगस्ट २०२४

बंकट भावजी,

उत्तर नाही. पत्र पोचलंच नसेल असं धरून पुन्हा लिहितेय. पोचलं असेल तर हे दुसरं.

वरून डिझेल ओतून ठेवलं. मग रॉकेल आणि ऑइल मिसळून. भाताच्या पातेल्यात पाणी उकळून, फडकी बुडवून कार्बोरेटरला गुंडाळली, म्हणजे अंग फुलेल आणि आतला तुकडा सैल होईल. फडकी बदलून बदलून माझे हात पोळले. आता त्या पातेल्यात भात केला तर रॉकेलचा वास येतो, म्हणून भाकरीवर भागवतोय. लाकडाच्या तुकड्याने हळूहळू ठोकलं. काही नाही. “अजून तेल सोड,” म्हणतात. तेल सोडते. “अजून गरम कर,” म्हणतात. गरम करते.

एक गोष्ट मात्र जमली. खालच्या बाजूचा, पेट्रोल सोडणारा बारका पितळी जेट कुणीतरी जोर लावून तोडलेला होता, डोकं गेलेलं आणि आटे आत रुतलेले. तुमच्या दादांनी तिकोनी कानशीची मागची शेपटी घासून टोकदार करायला लावली. ती मोडक्या जेटच्या भोकात हलकेच ठोकून बसवली की कडा पितळेत रुततात, मग उलटं फिरवायचं. फिरवलं. पहिल्यांदा सटकली, दुसऱ्यांदाही सटकली. तिसऱ्या वेळी कानाला लागेल न लागेल असा कुरकुर आवाज आला आणि जेट फिरत फिरत बाहेर आला. खरं सांगते भावजी, मला इतका आनंद झाला की मी तो तळहातावर घेऊन नाचवत त्यांना दाखवायला गेले. ते बघत राहिले. म्हणाले, “नशीब तुझं.” पण तो जेट त्यांनी खिशात ठेवून दिला, टाकला नाही.

तेवढ्यापुरतं बरं वाटलं. बाकी कसं चाललंय ते कागदावर लिहायचीही लाज वाटते. आपलं घर तुम्हाला माहीत आहे, पुढे गॅरेज, मागे दुसऱ्याची भिंत, दार एकच. त्या दारात बाज आडवी. दळण आणायला जायचं तरी त्यांच्या पायांवरून जायचं, आणि आधी सांगायचं कुठे, किती वेळ, कशाला. पत्रं मी छबुबाईला खिडकीतून देते. चोरी करत नाही, तरी चोरासारखी वागतेय.

परवा नंदाचा फोन आला. स्पीकरवर तिचा आवाज घरभर. “आई, पाय लई सुजलेत गं. कवा येतीस?” मी पिठाचे हात घेऊन धावत बाहेर आले, तोवर यांनी उत्तर देऊन टाकलं, “काम चालू हाय बाळा. झालं की येईल.” आणि फोन उशीखाली. मी ओट्याला टेकून रडले. रडताना ऐकू जाऊ नये म्हणून तोंडात पदर धरला होता. बावीस वर्षं संसार केला, पण कोंडल्यासारखं कधी झालं नव्हतं. आता होतं. ते दिवसाही होतं, कुणी गिऱ्हाईक दारात गप्पा मारत उभं असतानाही.

सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, माणूस आजारी आहे, समजून घे. समजूनच घेतेय. पण लेकीचे दिवस माझ्या समजुतीसाठी थांबत नाहीत ना.

तुम्ही रागावलात हे कबूल. पण राग भावावर काढा, भावजयीवर नको.

वनमाला


माजलगाव,
२६ ऑगस्ट २०२४

बंकट भावजी,

तुमचं कार्ड मिळालं. छबुबाईने पदराखाली धरून आणलं, जणू कुणाच्या प्रेमाची चिठ्ठी. तिला लई मजा येते या सगळ्याची.

कार्डावर तुम्ही तीनच ओळी लिहिल्यात. “ठोकू नका, जस्ताचं अंग फुटेल. तेल भरपूर झालं. नटांबद्दल मी बोलणार नाही, दादांना विचारा.” मी मनात म्हटलं, नटांबद्दल मी कुठे विचारलंय? मी विचारलंय स्लाइडबद्दल.

मग ते डोक्यातून जाईना. भाकरी थापताना, भांडी घासताना, तेच. तुम्हाला मारलं तेव्हा हे म्हणाले होते, कार्बोरेटर बंकटने बसवला. आणि आता मला म्हणाले, नटांना हात लावू नको, ते मी आवळलेत. आवळणारा जर शिवशंकर, तर बसवणारा बंकट कसा?

आणि नट आवळले म्हणून काय झालं, हेही मला कळत नव्हतं. ते कळलं कासारणीमुळे. श्रावणात ती दारावर येते. तिने माझा हात दाबून दाबून बांगडी चढवली, आणि हातातली एक पितळी बांगडी माझ्याच हातून दोन बाजूंनी दाबली गेली, जरा लांबट झाली. मग ती मनगटावर पुढे जाईना ना मागे. कासारीण म्हणाली, “बाई, गोल हाय तवर सरकती. चेपली की बसली.” मी तिथेच उठले. कार्बोरेटरला दोन कान, दोन्ही कानांतून नट, आणि मधे स्लाइडचं गोल भोक. कान ओढून आवळले की ते भोक गोल कसं राहील? तेलाने गंज सुटला असेल, पण आवळ कसा सुटणार?

मी जाऊन यांच्यासमोर उभी राहिले. विचारलं, “नट सैल केले तर स्लाइड निघंल ना?”

डाव्या हाताने उशी सारखी करायला लागले.

“तवा मूठ अडकली ती ह्याच्यामुळंच ना? तुमीच आवळले होते ना?”

भिंतीकडे तोंड केलं. उजवा हात तर त्यांचा तसाच पडलेला असतो, पण डाव्या हाताने चादर मुठीत धरली. मी म्हटलं, “आवो, मग मला तीन आठवडे पाणी कावून उकळायला लावलं?”

चादर डोक्यावर ओढून घेतली. पण मला उत्तर मिळालं होतं. स्लाइड निघू नये म्हणूनच.

भावजी, मला इतका राग आला की हातातला पाना मी जोरात खाली टाकला. माणूस पांगळा झाला म्हणून देव होत नाही. तुमच्यावर आळ घेतला तो घेतलाच, आता लेकीच्या बाळंतपणाला मला जाऊ देईनात. आणि रागाच्या आत दुसरंही काही होतं, तेही लिहिते, कारण तुमच्याखेरीज कुणाला लिहिणार. मला त्यांची कीव आली. एवढा गड्यासारखा गडी, बायकोने पळून जाऊ नये म्हणून एका लोखंडी तुकड्याच्या आडोशाला बसलाय. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत झालीय.

तुम्ही नटांबद्दल गप्प का राहिलात ते आता कळलं. सांगितलं असतं तर भावाला खोटं पाडल्यासारखं झालं असतं. मार खाऊनही तुम्ही त्याची अब्रू राखलीत. मी राखणार नाही. मला तेवढा वेळ नाही.

पोळ्याच्या आत मी ते नट सोडणार.

वनमाला


माजलगाव,
पोळा, २ सप्टेंबर २०२४

बंकट भावजी,

पावसाची झड लागलीय, तरी छबुबाई हे पत्र आजच टाकते म्हणालीय.

काल दुपारी मी पाना घेऊन गाडीशी बसले. लपूनछपून नाही, त्यांच्या डोळ्यांदेखत. ते म्हणाले, “वनमाला, हात लावू नको.” मी म्हटलं, “लावणार.” पहिला नट हलेना. पान्याला पाइपाचा तुकडा लावून जोर केला, तेव्हा ‘कट’ आवाज करून हलला. दुसराही. दोन्ही थोडे थोडे सैल केले, पूर्ण काढले नाहीत. वरून थेंबभर तेल सोडलं आणि बोटांनी स्लाइड ओढला. आला. इतका अलगद आला की मलाच धक्का बसला. चार आठवडे ज्याने मला कोंडून ठेवलं, तो माझ्या मुठीत मावत होता.

मी त्यांच्यापुढे धरला. “हे बघा. अख्खा हाय. मी परवाच्या गाडीनं आष्टीला चाललेय.”

ते स्लाइडकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते. म्हणाले, “बरं.” एवढंच. मला वाटलं, सुटले. रात्री वर्षानुवर्षांत झोपले नव्हते अशी झोपले.

आज पोळा. आपल्याकडे बैल नाहीत, पण मातीचे बैल करून पूजा करतेच मी. पूजा झाली, पुरणपोळ्या झाल्या. छबुबाईकडे ताट द्यायला गेले आणि तिच्याशी बोलत जरा बसले. यांना कसली गोळी कधी द्यायची ते समजावत होते.

परत आले तर बाज रिकामी. तुमचे दादा गाडीशेजारी फरशीवर बसलेले. घसरत, रांगत कसे गेले देव जाणे, कोपर सोलवटलेलं. स्लाइड कार्बोरेटरमध्ये परत टाकलेला. डाव्या हातात पाना, त्याला मी लावलेलाच पाइप, आणि दुसरा नट आवळत होते. चेहरा घामाने भिजलेला. मला बघून लहान पोरासारखे म्हणाले, “निघाला न्हाई अजून. बघ, अडकलाय.”

मी जागच्या जागी उभी राहिले. ओरडावं म्हणून तोंड उघडलं आणि तेवढ्यात त्यांनी आणखी एक झटका दिला. कार्बोरेटरचा कान तुटला. जस्त ते, तुटताना फारसा आवाजही होत नाही. तुकडा फरशीवर पडला. त्यांनी तो उचलला, तुटल्या जागेवर लावून बघितला, पुन्हा लावून बघितला. मग पाना खाली ठेवला आणि रडायला लागले. तोंडाची एकच बाजू रडते त्यांची, ते बघवत नाही.

मी त्यांना उचलून बाजेवर आणलं. कोपराला हळद लावली. ते म्हणत राहिले, “तू गेलीस की येणार न्हाईस. बंकट गेला, आला का? मला ठावं हाय.” येईन असं म्हणायला जीभ वळली नाही, आणि येणार नाही असंही म्हणवेना.

पुरणपोळी त्यांना मी भरवली. दूध घालून, बारीक करून. खाल्ली त्यांनी.

अमरसिंहांना काय सांगायचं ते आता त्यांनाच ठरवू दे. काढायचं ते मी काढलं होतं. उद्या सकाळच्या गाडीने मी निघतेय.

वनमाला


आष्टी,
१२ सप्टेंबर २०२४

बंकट भावजी,

मुलगी झाली. गणपती बसल्यावर दुसऱ्या दिवशी, पहाटे. वजन कमी आहे पण आवाज असा की दवाखान्यातली सगळी माणसं उठून बसली. नंदा सुखरूप आहे. कळा सुरू झाल्या तेव्हा तिने माझं मनगट धरलं होतं, बांगड्या फुटून रुतल्या, अजून खुणा आहेत. मी तिथे होते. भावजी, मी तिथे होते, हे लिहितानाही डोळे भरतात.

मी निघाले तेव्हाचं सांगते. पिशवी घेऊन दारात आले. वाटलं, आता काहीतरी बोलतील, शिवी देतील. त्यांनी डाव्या हाताने उजवा पाय उचलून बाजेवर घेतला, मग दुसरा, आणि मला जायला वाट झाली. उशीखालून फोन काढून माझ्या पिशवीवर ठेवला. मी पाया पडले आणि निघाले.

आता छबुबाईच्या फोनवरून रोज बोलतात. ती सांगते, अमरसिंह स्वतः आले होते, दारात गाडी उभी करून, चार माणसं घेऊन. तुटलेला कान बघून त्यांचं डोकं फिरलं. म्हणाले, “कुणी तोडलं बे हे? बायकोनं का?” छबुबाईला वाटलं, आता हे बायकोचं नाव घेणार. तर तुमचे दादा बाजेवर उठून बसले आणि म्हणाले, “मी तोडलं. मीच आवळलं. मालक, त्या टायमाला बी मीच आवळलं होतं. बंकटनं हात सुदिक लावला नव्हता.” सगळ्यांसमोर. छबुबाईने हे मला सांगितलं ते घाईघाईत नाही, एकेक शब्द सावकाश सांगितला, म्हणाली, “तुज्या दिराला असंच्या असं लिही.” म्हणून असंच्या असं लिहिलं.

अमरसिंह माणसं घेऊन परत गेले. गाडी अजून आपल्याकडेच आहे. तसला कार्बोरेटर कुठे मिळतो का, चाकण-पुण्याकडे, हे तुम्हाला माहीत असेल. पण तुम्ही माजलगावला जा असं मी म्हणत नाही. तुमचा अपमान मोठा होता, आणि कबुली तुमच्या गैरहजेरीत दिली गेली. ते तुम्ही भाऊ-भाऊ बघा. मी यात पडणार नाही.

माझं म्हणाल तर नंदाचा सव्वा महिना होईपर्यंत इथे राहायचं ठरवून आले. त्यानंतरचं ठरवलेलं नाही. इथे कुणी मला कुठे चाललीस म्हणून विचारत नाही. सकाळी नातीला तेल लावते, दुपारी अंगणात बसते. मोकळं वाटतं, आणि मोकळं वाटतं म्हणून कसंतरीही वाटतं.

काल रात्री जेवणानंतर त्यांचा फोन आला. बाळ कसं आहे, विचारलं. नंदाचं विचारलं. मागे छबुबाई भांडी वाजवत होती ते ऐकू येत होतं. मला वाटलं, आता विचारतील. मीही कान देऊन बसले होते. तर म्हणाले, “साखरेचा डबा कंचा गं? लाल झाकणाचा का?” मी म्हटलं, “हो, लालच.” “बरं,” म्हणाले, आणि फोन ठेवला.

कधी येतेस, असं नुसतं विचारलं असतं तर माझ्या तोंडून दिवस आणि गाडीसुद्धा निघून गेली असती. त्यांनी विचारलं नाही. आणि आपणहून सांगायचं नाही, असं मी ठरवलंय.

तुमची
वनमाला वहिनी